समुद्राच्या परिसंस्थाधारित व्यवस्थापनात संबंधित घटकांना सहभागी कसे करून घ्यावे

माशांची एखादी जात, एखादा उद्योग किंवा एखादा प्रदूषक सुटा न पाहता, एका सागरी क्षेत्रातील जीव, पाणी, तळ आणि त्यांच्यावर जगणारी माणसे यांचा एकत्र विचार करून निर्णय घेणे, याला परिसंस्थाधारित व्यवस्थापन म्हणतात. व्याख्या सोपी आहे, पण ती मान्य केली की लगेच लक्षात येते की प्रत्यक्ष नियंत्रण चालते ते फक्त माणसांवर. प्लवक, प्रवाह आणि माशांचे थवे कोणाच्या आदेशाने चालत नाहीत. जाळ्याच्या आसाचा आकार, नांगर टाकण्याची जागा, शेतात पडणारे खत, बंदरातला गाळ उपसण्याचा महिना, एवढेच आपल्या हाती असते. म्हणून ज्यांच्या वागण्यावर सारा आराखडा अवलंबून आहे, त्यांना तो आखण्याच्या कामात घेतले नाही, तर तो कितीही शास्त्रशुद्ध असला तरी कागदावरच राहतो.

मे २००० मध्ये नैरोबी येथे जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी परिसंस्था दृष्टिकोनाची १२ तत्त्वे स्वीकारली. त्यांतील पहिलेच तत्त्व असे आहे की जमीन, पाणी आणि सजीव संसाधने यांच्या व्यवस्थापनाची उद्दिष्टे काय असावीत, हे समाजाने निवडायचे असते. शास्त्रीय करारातले पहिले तत्त्व समाजाच्या निवडीविषयी का असावे, हे एका उदाहरणावरून कळेल. फरसाठी झालेल्या शिकारीमुळे कॅनडातील व्हँकूव्हर बेटाच्या किनाऱ्यावरून समुद्री पाणमांजरे नाहीशी झाली होती. १९६९ ते १९७२ या काळात अलास्काहून आणून ती तिथे पुन्हा सोडण्यात आली. पाणमांजर सी अर्चिन हे काटेरी समुद्री जीव खाते आणि सी अर्चिन केल्प या प्रचंड वाढणाऱ्या समुद्री शैवालाचा फडशा पाडतात. त्यामुळे पाणमांजरे वाढली तशी केल्पची जंगले परतली आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे जीवही परतले. पण पाणमांजर खेकडे, शिंपले आणि ॲबलोनही तितक्याच आवडीने खाते, आणि याच कवचधारी जीवांवर तिथल्या मूळनिवासी समाजांचे अन्न आणि बुडी मारून ते गोळा करणाऱ्यांचा व्यवसाय अवलंबून होता. पाणमांजरे वाढली तर केल्प किती वाढेल आणि शिंपले किती घटतील, याचा अंदाज शास्त्रज्ञ देऊ शकतात. यांपैकी काय किती हवे, हे मात्र शास्त्र सांगू शकत नाही. ते ज्यांनी ठरवायचे, त्यांना एकत्र कसे आणावे आणि एकत्र आणल्यावर काय करावे, याविषयी हे मार्गदर्शन आहे.

आधी ठरवा, कोणता निर्णय खुला आहे

पहिल्या बैठकीची तारीख काढण्याआधी आयोजक संस्थेने एक कागद तयार करावा. कायद्याने काय ठरून गेले आहे, निधीमुळे कशावर मर्यादा आहे आणि कोणता प्रश्न खरोखर अजून सुटायचा आहे, या तीन गोष्टी त्यावर स्पष्ट शब्दांत लिहाव्यात. समजा, क्षेत्राचा ठरावीक हिस्सा संरक्षित करण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. तर ‘संरक्षण करावे की नाही’ हा प्रश्न बंद आहे, पण कुठे करावे, वर्षातल्या कोणत्या महिन्यांत करावे, कोणत्या जाळ्यांना मनाई असावी आणि नुकसान सोसणाऱ्यांना काय द्यावे, हे प्रश्न खुले आहेत. हा कागद निमंत्रणासोबतच सर्वांना पाठवावा. काहीच खुले नसेल, तर त्या सभेला सहभाग म्हणू नये. माहिती देण्यासाठी सभा आहे, असे सरळ सांगावे. लोक नकार पचवतात, पण आधीच ठरलेल्या गोष्टीवर आपले मत विचारले गेले हे कळल्यावर ते पुन्हा बैठकीला येत नाहीत, आणि तो विश्वास परत मिळवायला वर्षे जातात.

निर्णय खुला असतानाच लोकांना बोलवावे, हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे, असे माझे ठाम मत आहे. कॅलिफोर्नियाचा अनुभव त्याला पुरावा म्हणून पुरेसा आहे. सागरी संरक्षित क्षेत्रांचे जाळे उभारण्यासाठी त्या राज्याने १९९९ मध्ये कायदा केला. पहिल्या प्रयत्नात शास्त्रज्ञांच्या चमूने संभाव्य क्षेत्रांचे नकाशे तयार केले आणि २००१ मध्ये ते लोकांपुढे ठेवले. नकाशावर रेषा आधीच ओढलेल्या पाहून सभांमध्ये इतका विरोध उसळला की तो मसुदा मागे घ्यावा लागला. दुसऱ्या प्रयत्नात प्रादेशिक गट नेमले गेले, पण पैसा आणि मनुष्यबळ यांअभावी ते काम थांबले. २००४ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या प्रयत्नात क्रमच उलटा केला: मच्छीमार, पाणबुडे, पर्यावरण संस्था, बंदर अधिकारी अशांच्या प्रादेशिक गटांनी पर्यायी नकाशे तयार करायचे, शास्त्रज्ञांनी ते ठरलेल्या निकषांवर तपासायचे, धोरण समितीने शिफारस करायची आणि अंतिम निर्णय राज्याच्या आयोगाने घ्यायचा. २०१२ च्या अखेरीस १२४ संरक्षित क्षेत्रांचे जाळे पूर्ण झाले आणि राज्याच्या सागरी हद्दीचा सुमारे १६ टक्के भाग त्यात आला. कायदा तोच होता आणि किनाराही तोच होता. बदलला तो लोकांना बोलावण्याचा क्षण, आणि यावेळी संपूर्ण प्रक्रियेला पुरेल इतका पैसा आधीच उभा केलेला होता. दुसऱ्या प्रयत्नाच्या अपयशाकडे सहसा दुर्लक्ष होते. वास्तविक अर्धवट सोडलेली प्रक्रिया न सुरू केलेल्या प्रक्रियेपेक्षा अधिक नुकसान करते.

कोणाला बोलवायचे

यादी करताना व्यक्तींची किंवा संघटनांची नावे आठवत बसण्यापेक्षा क्षेत्राच्या परिसंस्थेवरून सुरुवात करावी. या पाण्यात काय येते, यातून काय काढले जाते, यावरून काय जाते आणि याच्या तळाशी काय केले जाते, हे चार प्रश्न विचारले की माणसे आपोआप समोर येतात. पाण्यात सांडपाणी येते, म्हणजे नगरपालिका आली. खतांचे अवशेष येतात, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचे शेतकरी आले. मासे, वाळू, तेल आणि शैवाल काढले जाते. जहाजे, फेरी आणि पर्यटक नौका जातात. तळावर केबल, पवनचक्क्यांचे खांब आणि तळ खरवडत जाणारी ट्रॉल जाळी असतात.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना वगळण्याची चूक फार सहज होते. बाल्टिक समुद्राचे पाणलोट क्षेत्र समुद्राच्या क्षेत्रफळाच्या सुमारे चौपट आहे आणि त्यात साडेआठ कोटी लोक राहतात. या समुद्राचा सर्वांत मोठा आजार म्हणजे नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या अतिरेकाने होणारी शैवालांची वाढ आणि तिच्यामुळे तळाशी होणारी प्राणवायूची टंचाई. या आजाराचे मूळ मोठ्या प्रमाणावर शेतांमध्ये आणि शहरांच्या सांडपाण्यात आहे. केवळ मच्छीमार आणि जहाजमालक यांना घेऊन बसलेली समिती त्यावर काहीच करू शकणार नाही.

त्याचप्रमाणे ज्यांचे काम नोंदींमध्ये दिसत नाही त्यांना शोधून काढावे लागते. ओहोटीच्या वेळी पायी चालत शिंपले, खेकडे आणि शैवाल गोळा करणाऱ्यांकडे बोट नसते, परवाना नसतो आणि म्हणून त्यांचे नाव कोणत्याही यादीत नसते. जगाच्या अनेक किनाऱ्यांवर या कामात महिलांचा मोठा वाटा आहे. मासळी साफ करणाऱ्या, वाळवणाऱ्या आणि विकणाऱ्या महिलांना कोणती जात कधीपासून कमी झाली आणि माशांचा आकार कसा घटत गेला, हे बोटीवरच्या माणसाइतकेच नेमके माहीत असते. बोटींवर मजुरी करणारे स्थलांतरित खलाशी हाही असाच सुटून जाणारा घटक आहे, कारण संघटना बहुधा मालकांची असते.

अशा यादीची छाननी करण्यासाठी एक चौकोनी तक्ता फार वापरला जातो: एका बाजूला प्रत्येक घटकाची ताकद, दुसऱ्या बाजूला त्याचे स्वारस्य, दोन्ही अधिक असलेल्यांना जवळ घ्यायचे आणि दोन्ही कमी असलेल्यांना फक्त माहिती कळवायची. हा तक्ता परिस्थिती समजून घेण्यासाठी उपयोगी आहे. पण कोणाला बोलवायचे हे त्यावरून ठरवू नये. त्याने आजची विषमता जशीच्या तशी प्रक्रियेत उतरते. त्याऐवजी तक्त्यात तिसरा स्तंभ जोडावा: या निर्णयाने कोणाचे किती बिघडू शकते? ज्याची ताकद थोडी पण होणारे नुकसान मोठे, त्याच्यासाठी जास्त वेळ आणि जास्त खर्च राखून ठेवावा. आणि ज्याचा कायदेशीर हक्क आहे त्याला तर टाळताच येत नाही. एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनने हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहाभोवती सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केले. त्यावर मॉरिशसने दाद मागितली आणि मार्च २०१५ मध्ये लवाद न्यायाधिकरणाने ते क्षेत्र जाहीर करताना ब्रिटनने सागरी कायद्याच्या करारातील आपल्या जबाबदाऱ्यांचा भंग केल्याचा निर्णय दिला. मॉरिशसशी पुरेशी सल्लामसलत न होणे हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

यादी तयार झाली की प्रत्येक प्रतिनिधीला दोन प्रश्न विचारावेत: आपण कोणाच्या वतीने बोलता, आणि बैठकीतील चर्चा त्यांच्यापर्यंत कशी पोहोचवणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर त्या घटकासाठी स्वतंत्र सभा घेण्याची जबाबदारी आयोजकांवर येते.

बोलावणे, वेळ आणि जागा

या भागाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, पण तो चुकला तर बाकीचे व्यर्थ जाते. मासेमारीच्या भर हंगामात आणि चांगल्या भरतीच्या दिवशी बैठक ठेवल्यास मच्छीमार येणार नाहीत, आणि त्यांची गैरहजेरी ही उदासीनता म्हणून नोंदवली जाईल. पगारी अधिकारी कामाच्या वेळेत बैठकीला येतो तेव्हा त्याचे काहीच बुडत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याचा मात्र दिवस जातो, म्हणून प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाचा मोबदला देण्याची तरतूद सुरुवातीलाच करावी. कागदपत्रे लोकांच्या भाषेत आणि बैठकीच्या पुरेशी आधी पोहोचवावीत. काही घटक एकमेकांसमोर मोकळेपणाने बोलत नाहीत. मालकासमोर खलाशी बोलत नाही, तसेच काही ठिकाणी पुरुषांसमोर महिला बोलत नाहीत. अशा वेळी आधी वेगवेगळ्या बैठका घेऊन नंतर सर्वांना एकत्र आणावे.

लोकांचे ज्ञान नकाशावर आणणे

सहभागाचा खरा लाभ इथे मिळतो आणि म्हणून इथे सर्वाधिक वेळ द्यावा. शास्त्रज्ञ रॉबर्ट योहानेस यांनी १९७० च्या दशकात पॅसिफिकमधील पलाऊ बेटांवरच्या मच्छीमारांकडून चंद्राच्या कलांनुसार अंडी घालणाऱ्या माशांची माहिती गोळा केली. कोणता मासा कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीच्या आसपास आणि नेमक्या कोणत्या जागी जमतो, हे त्या मच्छीमारांनी सुमारे ५५ जातींविषयी सांगितले. त्या वेळी सगळ्या जगातल्या शास्त्रीय साहित्यात अशा जितक्या जातींची नोंद होती, त्याच्या दुपटीहून ही संख्या अधिक होती. अंडी घालण्याच्या जागा व काळ कळल्याशिवाय कोणतेही संरक्षण नेमके होत नाही, आणि सर्वेक्षण जहाजाने ही माहिती मिळवायची तर अनेक वर्षे आणि मोठा निधी लागला असता.

हे ज्ञान दुर्लक्षित राहिले तर काय होते, हे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याने दाखवले. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ लहान बोटींनी मासेमारी करणारे लोक सांगत होते की कॉड मासा कमी आणि लहान होत चालला आहे. पण साठ्याचा अंदाज बांधताना खोल समुद्रातील मोठ्या ट्रॉलरच्या पकडीच्या आकड्यांना फार वजन दिले जात होते, आणि ट्रॉलर तर उरलेल्या माशांचे दाट थवे यंत्रांच्या साहाय्याने शोधून काढत असल्याने त्यांची पकड चांगलीच दिसत होती. २ जुलै १९९२ रोजी कॉडच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

नकाशावर माहिती घेण्याची बैठक पुढीलप्रमाणे चालवावी. एका टेबलाभोवती पाच-सहा जणच असावेत आणि ते शक्यतो एकाच प्रकारच्या जाळ्याने मासेमारी करणारे असावेत. खोलीच्या रेषा, खडक, दीपगृह आणि किनाऱ्यावरच्या ठळक खुणा दाखवणारा मोठा सागरी नकाशा टेबलावर पसरावा व त्यावर पारदर्शक कागद चिकटवावा. एक जण प्रश्न विचारेल, दुसरा फक्त लिहील. ‘तुम्ही मासे कुठे पकडता?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये, कारण तो ऐकताच माणूस सावध होतो. आधी बंदरातून निघण्याचे मार्ग, वादळात आसरा घेण्याच्या जागा आणि जाळे अडकते ते खडक विचारावेत. नकाशाची सवय झाली की लोक आपणहून बोलू लागतात. मग अंडी भरलेली मासळी कुठे व कोणत्या महिन्यात मिळते, पिल्ले कुठे दिसतात, कासवे किंवा डॉल्फिन जाळ्याजवळ कधी येतात, असे एकेक विषय घ्यावेत आणि प्रत्येक विषयासाठी वेगळा रंग वापरावा. शेवटी काळाविषयी विचारावे: वडिलांच्या वेळी इथे काय मिळत असे, ते कधीपासून मिळेनासे झाले? प्रत्येक खुणेला क्रमांक द्यावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे जात, महिना, खोली, जाळ्याचा प्रकार आणि ही माहिती स्वतः पाहिलेली आहे की ऐकलेली, हे लिहावे. उठण्यापूर्वी सगळ्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि दुरुस्त्या तिथेच कराव्यात.

या माहितीची मालकी कोणाची, हे बैठकीपूर्वीच ठरवून लिहून द्यावे. मासळीची चांगली जागा ही मच्छीमाराची पिढ्यान्‌पिढ्यांची पुंजी असते. ती छापील नकाशावर आली तर दुसऱ्या दिवशी तिथे इतर बोटी येतील. म्हणून अनेक जणांच्या खुणा एकत्र करून मोठ्या चौकटींमध्ये दाखवाव्यात, एकट्याची जागा ओळखू येईल असा नकाशा प्रसिद्ध करू नये, आणि अंतिम नकाशाची प्रत ज्यांनी माहिती दिली त्यांना सर्वांत आधी द्यावी. मच्छीमाराचे म्हणणे आणि सर्वेक्षणाचे आकडे जुळले नाहीत, तर कोणा एकाला खोटे ठरवण्याची घाई करू नये. दोघे वेगळ्या ऋतूत, वेगळ्या खोलीवर किंवा वेगळ्या जाळ्याने पाहत असतात. त्या जागी दोघांनी मिळून पुन्हा पाहणी करणे हा उत्तम मार्ग आहे.

चौकट शास्त्रज्ञांची, रेषा सर्वांच्या

लोकांनी नकाशे आखायचे म्हणजे वाटेल तसे आखायचे, असा अर्थ नाही. परिसंस्थेच्या काही गरजा वाटाघाटीने कमी होत नाहीत, आणि त्या आधीच निकष म्हणून मांडाव्या लागतात. कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांच्या चमूने सांगितले होते की संरक्षित क्षेत्राची किनाऱ्यालगतची लांबी किमान ५ ते १० किलोमीटर असावी, ती १० ते २० किलोमीटर असल्यास अधिक चांगले, आणि शेजारच्या दोन क्षेत्रांतील अंतर ५० ते १०० किलोमीटरच्या मर्यादेत असावे. पहिला निकष प्रौढ माशांच्या वावराशी आणि दुसरा प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या अळ्यांच्या प्रवासाशी जोडलेला होता. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफची पुनर्आखणी करताना आधी सगळा परिसर ७० जैवप्रदेशांत विभागण्यात आला आणि प्रत्येक जैवप्रदेशाचा किमान २० टक्के भाग मासेमारीपासून पूर्ण मुक्त असावा, असे ठरवले गेले. असा आकडा हाती असला की चर्चा ‘संरक्षण हवे की नको’ या खडाखडीतून बाहेर पडते. २० टक्के कोणते निवडल्यास सर्वांत कमी लोकांचे सर्वांत कमी नुकसान होईल, हे शोधण्याचे काम सगळ्यांपुढे येते.

निकषांमागचे कारण सांगणे शास्त्रज्ञांचे कर्तव्य आहे आणि ते साध्या शब्दांत सांगता आलेच पाहिजे. अंदाजात अनिश्चितता किती आहे, हेही लपवू नये. समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला अनिश्चिततेची सवय असते. त्याला खटकते ती खोटी खात्री.

मतभेद

चर्चा चालवणारी व्यक्ती कोणत्याही घटकाची किंवा आयोजक खात्याची नसावी, आणि तिला बाजूला करण्याचा अधिकार सर्वांना असावा. ‘ट्रॉलर बंद करा’ किंवा ‘पवनचक्क्या नकोत’ अशा मागण्या समोर आल्या, की त्यांच्यामागची गरज विचारावी. पवनचक्क्या नकोत म्हणणाऱ्याची खरी अडचण केबलमध्ये जाळे अडकण्याची असू शकते, आणि केबल खोल पुरणे किंवा तिचा मार्ग बदलणे यावर तोडगा निघू शकतो. ज्याला आपले मूळ जाळेच सोडावे लागणार आहे, त्याच्या बाबतीत मात्र असा सोपा तोडगा नसतो. तिथे तोट्याला तोटाच म्हणावे आणि भरपाईविषयी बोलावे.

सर्वसहमती हे उद्दिष्ट असावे, पण ती न झाल्यास पुढे काय, हा नियम पहिल्याच बैठकीत ठरलेला असावा. अन्यथा एकाच घटकाच्या हाती सगळी प्रक्रिया अडवण्याची किल्ली जाते. अंटार्क्टिक सागरी सजीव संसाधनांच्या आयोगात निर्णय एकमतानेच होतात. रॉस समुद्रातील संरक्षित क्षेत्राचा प्रस्ताव तिथे अनेक वर्षे अडून राहिला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये मान्य झाला तो ३५ वर्षांच्या मुदतीसह. मुदत घालण्याची ही तडजोड अनेकांना आवडली नाही. पण लहान प्रमाणावर, विशेषतः लोकांना परिणामांची खात्री नसते तेव्हा, ठरावीक काळानंतर फेरविचाराचे कलम घातल्याने कोंडी फुटते असे दिसते. जे मतभेद मिटत नाहीत ते इतिवृत्तात कारणांसह नोंदवावेत आणि निर्णय घेणाऱ्यांपुढे पर्याय म्हणून ठेवावेत. बहुमताच्या शिफारशीखाली अल्पमताचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत छापलेले असेल, तर हरलेला गटही पुढच्या बैठकीला येतो.

हरकती व सूचनांना उत्तर

ग्रेट बॅरियर रीफच्या आखणीवर दोन फेऱ्यांत मिळून ३१,००० हून अधिक निवेदने आली. पहिली फेरी २००२ मध्ये, कोणताही विभागनकाशा प्रसिद्ध होण्यापूर्वी झाली. दुसरी २००३ मध्ये मसुद्यावर झाली. १ जुलै २००४ पासून लागू झालेल्या अंतिम आराखड्यात, आधी ५ टक्क्यांहूनही कमी असलेले मासेमारीमुक्त क्षेत्र ३३ टक्क्यांवर गेले. लहान क्षेत्रात इतकी निवेदने येणार नाहीत, पण रीत हीच असावी: एक फेरी कोऱ्या नकाशावर, दुसरी मसुद्यावर.

आलेल्या प्रत्येक सूचनेची नोंद एका तक्त्यात करावी. सूचना काय होती, ती मान्य झाली की नाही, आणि नसेल तर का, हे तीन रकाने त्यात असावेत व तक्ता मसुद्यासोबत जाहीर करावा. ‘आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे’ हे उत्तर नव्हे. ‘उत्तरेकडील सीमा दोन किलोमीटर खाली आणावी ही सूचना मान्य केली नाही, कारण त्या पट्ट्यात सागरी गवताचे या क्षेत्रातील एकमेव मोठे कुरण आहे; त्याऐवजी पूर्वेकडील सीमा बदलली आहे’ अशा प्रकारचे उत्तर हवे. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच वेळ नाही म्हणून गाळले जाते. माझ्या मते आयोजकांकडे एकाच अतिरिक्त माणसाचा पगार असेल, तर तो याच कामासाठी खर्च करावा.

भरपाईचा हिशेब याच टप्प्यावर, आराखडा अंतिम होण्याआधी करावा. ग्रेट बॅरियर रीफच्या बाबतीत मच्छीमार व संबंधित व्यावसायिकांना दिलेल्या साहाय्याचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट वाढून २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पलीकडे गेला. मासेमारी बंद झाल्याचा फटका बोटीपुरता राहत नाही; बर्फाचा कारखाना, जाळी दुरुस्त करणारा, मासळी वाहून नेणारा, या सर्वांचा विचार आधीच न केल्यास तो नंतर अधिक महाग पडतो.

आराखडा मंजूर झाल्यानंतर

मंजुरीच्या दिवशी बहुतेक समित्या विसर्जित होतात आणि तिथेच बराचसा तोटा होतो, कारण परिसंस्थाधारित व्यवस्थापनात पाहणी करणे आणि त्यानुसार नियम बदलणे हा कामाचा मुख्य भाग असतो. या पाहणीत लोकांनाच मोजणीदार करावे. फिजीमधील उकुनिवानुआ गावाने १९९७ मध्ये गावासमोरचा २४ हेक्टरचा चिखल व सागरी गवताचा पट्टा तीन वर्षांसाठी बंद केला, तो ‘काइकोसो’ हा तिथल्या आहारातला शिंपला वाढावा म्हणून. दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातील तज्ज्ञांनी गावकऱ्यांना ठरलेल्या रेषांवर चालत शिंपले मोजण्याची आणि त्यांचा आकार नोंदवण्याची पद्धत शिकवली. मोजणी गावकऱ्यांनीच केली. बंद पट्ट्यात शिंपले वाढले आणि लगतच्या खुल्या पट्ट्यातही वाढले. ही वाढ दुसऱ्या कोणी अहवालात लिहून सांगितली नव्हती, त्यांनी ती स्वतः मोजली होती. त्यामुळे बंदीची मुदत वाढवण्याचा निर्णय गावाने आपणहून घेतला, आणि शेजारच्या गावांनीही हीच पद्धत उचलली.

कायमस्वरूपी मंचाची रचना करताना जागांचे प्रमाण लिखित असावे. युरोपीय संघात मत्स्यव्यवसायावर सल्ला देणाऱ्या परिषदांमध्ये ६० टक्के जागा मत्स्यव्यवसायातील संघटनांना आणि ४० टक्के जागा पर्यावरण संस्था, ग्राहक व इतरांना दिलेल्या आहेत. हे प्रमाण सर्वत्र योग्य ठरेल असे नाही. ते ठरलेले असल्यामुळे प्रत्येक वेळी कोण किती, हा वाद उद्भवत नाही, एवढे मात्र खरे. सदस्यांची मुदत ठरवावी आणि एकाच वेळी सगळे बदलणार नाहीत अशी व्यवस्था करावी, म्हणजे आधी काय ठरले होते हे आठवणारा कोणीतरी नेहमी मंचावर असेल.

मोजणीचा आकडा कुठवर घसरला तर काय करायचे, हेही आराखड्यातच लिहून ठेवावे. अमुक जातीची सरासरी लांबी ठरलेल्या मर्यादेखाली गेली तर पुढच्या हंगामात कोणत्या जाळ्याला किती दिवस मनाई होईल, आणि ती मर्यादेवर परत आली तर मनाई कशी उठेल, याचा निर्णय शांत काळात सर्वांनी मिळून घेतलेला असेल, तर संकटाच्या वेळी कोणाला झुकते माप मिळाले असा आरोप होत नाही. आढाव्याच्या पहिल्या बैठकीची तारीख मंजुरीच्या ठरावातच घालावी, तिचा खर्च त्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात दाखवावा, आणि मोजणीचे आकडे त्या बैठकीच्या किमान एक महिना आधी, ज्या धक्क्यांवर मासळी उतरते त्या प्रत्येक धक्क्यावरच्या फलकावर, लोकांच्या भाषेत लावावेत.